झाकण लागेपर्यंत

चांद्याच्या दवाखान्यात आम्ही रोग्यांच्या घशातले जंतू काचेच्या बश्यांत वाढवायचो. बश्यांची पेटी कंदिलावर उबदार ठेवायचं काम एका ढिवर, म्हणजे मासेमार जातीच्या, गड्याकडे होतं. पेटीला गाल लावून तो म्हणायचा, "आज इले ताप आला जी!" दिवसभर तोंडाची टकळी चालू. पण बशीचं झाकण निघालं की तोंडावर दुपट्टा, आणि एक शब्द नाही. थुंकी उडाली तर भलतेच जंतू उगवतात, हे त्याला मीच शिकवलं होतं.

एकदा सगळ्या बश्यांवर बुरशी आली, एकच वाचली. बश्या भरल्या त्या दिवशी झाकणं न लावता मीच चहाला गेलो होतो. ती वाचलेली बशी उघडून बघत डॉक्टर कडाडले, "झाकणं कोणी उघडी टाकली?"

मी शेजारी उभ्या गड्याकडे बोट केलं.

तो गप्प उभा राहिला. डॉक्टरांनी तीच कबुली धरली. "उद्यापासून येऊ नको," म्हणून बशी ठेवून ते निघाले.

त्याने आधी झाकण लावलं, मग दुपट्टा सोडला.

"बाबू, तुमी चाय प्याले गेलते, मले मालूम होतं. पण बशी उघडी होती, कसा बोलू?"

डॉक्टर अजून व्हरांड्यातच होते. बशी आता बंद होती. मी तरीही बोललो नाही.