सबिहा वाचायला शिकली ते वर्ष

सबिहा शेख शिर्डीच्या एका मोठ्या हॉटेलात नेटवर्क सांभाळायची. सहा मजले, दोनशे खोल्या. भक्त दर्शन घेऊन खोलीवर आले की पहिल्यांदा घरच्यांना व्हिडिओ कॉल लावतात. तो कॉल मधेच अडकला की खाली काउंटरला फोन, आणि काउंटरवरून सबिहाला. गुरुवारी आणि सणासुदीला तिला बसायला उसंत नसे.

तिचं माहेर पुणतांब्याचं. वडील बाबाजान यांची गावाबाहेर पेरूची बाग. घरात दखनी, दारात मराठी, आणि दहावीपर्यंतची शाळाही मराठीच. पुढे तिनं पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केला, तोही पुस्तकांपेक्षा यंत्रांशी खटपट करून. लग्न राहात्याच्या इम्रानशी झालं. तो शिर्डी विमानतळावर टॅक्सी चालवतो.

एका गुरुपौर्णिमेला ऐन गर्दीत हॉटेलचं सगळं नेटवर्क बसलं. बिलं निघेनात, खोल्यांची दारं कार्डानं उघडेनात. पुण्याहून कंपनीचा माणूस यायला संध्याकाळ होणार होती. सबिहा, तेव्हा ती नुसती कंप्युटर ऑपरेटर होती, मजल्यामागून मजला तपासत गेली. चौथ्या मजल्यावर तिला सापडलं. साफसफाई करताना कुणीतरी एक लोंबणारी केबल बघितली होती आणि सद्‌हेतूनं तिचं मोकळं टोक, दुसरं टोक ज्या यंत्रात होतं त्याच यंत्रात खोचून दिलं होतं. एकच निरोप त्या वेटोळ्यात गरगर फिरत राहिला होता आणि बाकी सगळ्यांची वाट अडली होती. तिनं केबल उपसली. दोन मिनिटांत हॉटेल जागेवर आलं.

त्या दिवसापासून तिला या कामाचं वेड लागलं. एकामागून एक लहान परीक्षा तिनं दिल्या. शेवटी उरली ती सगळ्यात वरची. लेखी तर होतीच, पण खरी कसोटी बंगळूरला जाऊन द्यायची प्रात्यक्षिकाची. सलग आठ तास. पहिले तीन तास कागदपत्रांचे: एका खोट्या कंपनीच्या साहेबांची पत्रं, नकाशे, तक्रारी वाचायच्या आणि त्यांचं नेटवर्क कसं असावं ते ठरवायचं. एकदा दिलेलं उत्तर बदलता येत नाही. उरलेले पाच तास ते नेटवर्क उभं करायचं आणि त्यात मुद्दाम पेरलेले दोष शोधायचे. भलेभले इंजिनिअर दोन-दोन, तीन-तीनदा बसतात.

सबिहानं दीड वर्ष तयारी केली. पहाटेची फजरची नमाज झाली की साडेपाच ते आठ अभ्यास, मग डबा, मग हॉटेल. एक जुना दणकट कंप्युटर तिनं माहेरी, बागेतल्या खोलीत ठेवला होता. त्याच्या पोटात तीस-तीस राउटर असल्याचा आभास तयार करता येई. साप्ताहिक सुट्टीला ती सकाळी नऊला तिथे बसे ती पाचला उठे. जेवणाला वीस मिनिटं. बाबाजान खिडकीतून डोकावून म्हणत, "पोरी, नुस्ती बसून बसून लाकूड हुशील. जरा बागंत फिर की." ती मान वर न करता म्हणे, "पाचला फिरते, अब्बा."

पहिल्यांदा ती बंगळूरला गेली ती मोठ्या उमेदीनं. परतीच्या गाडीत मोबाईलवर निकाल आला. नापास.

खालचे आकडे तिनं पुन्हा पुन्हा पाहिले. उभारणी आणि दोष शोधणं, ज्याला सगळे घाबरतात, त्यात ती चांगली पास होती. तिला बुडवलं होतं पहिल्या तीन तासांनी. कागदांनी.

इम्रान स्टेशनवर घ्यायला आला होता. टॅक्सी राहात्याच्या रस्त्याला लागली. मग ती म्हणाली, "मला यंत्र कळतं रे. माणसानं लिहिलेलं कळत नाही."

"इंग्रजीचा क्लास लाव."

"शब्द कळतात सगळे. तरी चुकतं. का चुकतं तेच समजत नाही."

पुढचे दोन महिने तिनं कंप्युटर उघडला नाही.

मग एका रविवारी बाबाजानना एक नोटीस आली. गावाशेजारचा रस्ता रुंद होणार होता. सबिहानं नोटीस भराभर वाचली आणि तिचा चेहरा उतरला. "अब्बा, बांधाकडच्या पेरूच्या दोन ओळी जाणार. गट नंबर आपलाच आहे."

बाबाजाननी नोटीस तिच्या हातातून घेतली. कागदाची घडी करून म्हणाले, "चल, भाऊसाहेबाला दावू."

भाऊसाहेब म्हणजे शामकांत जोशी. नदीकडच्या आळीत राहणारे. घराणं भिक्षुकीचं, पण ते स्वतः तहसील कचेऱ्यांमध्ये छत्तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झाले होते. पूर्वी त्यांच्या ओसरीवर कागद घेऊन आलेल्या माणसांची रांग असे. आता उतारे मोबाईलवर मिळू लागल्यापासून ओसरी रिकामी होती.

त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि नोटीस वाचायला लागले. एका पानाला त्यांनी पंधरा मिनिटं घेतली. मधेच कुठे कंस, कुठे रेघ. सबिहाला राहवेना. "काका, गट नंबर आपलाच आहे ना?"

"आहे. पण पुढे वाचलंस का? 'विहिरीच्या पश्चिमेकडील क्षेत्र वगळून.'" त्यांनी पेन्सिलीनं 'वगळून'भोवती गोल केला. "बाबाजानभाऊ, बाग विहिरीच्या कुठल्या अंगाला?"

"मावळतीला."

"मग तुमच्या झाडांना कोणी हात लावत नाही. पूर्वेचं पडीक तेवढं जाईल."

"म्हंजी झाडं ऱ्हात्यात?" बाबाजाननी दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा विचारताना ते हसत होते.

सबिहा मात्र त्या गोलाकडे बघत राहिली. हा शब्द तिनंही वाचला होता. डोळ्यांखालून गेला होता. पण 'गट नंबर आपला' हे दिसताक्षणी तिच्या मनानं निकाल देऊन टाकला होता आणि त्यानंतरचं सगळं ती नुसतं बघत होती, वाचत नव्हती.

"काका," ती म्हणाली, "मला असं वाचायला शिकवाल?"

तिनं परीक्षेचं सांगितलं. शामकांतनी ऐकून घेतलं आणि हात हलवला. "अगं, मला तुझ्या त्या राउटरमधलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणून तर विचारते. मला फार कळतं, त्याचाच घोटाळा होतोय."

आतून त्यांच्या पत्नी प्रेमलाबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "शिकवा हो. रोज पेपरातल्या निविदा वाचत बसता, त्यापेक्षा बरं."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी सबिहा सरावाच्या कागदांचा गठ्ठा घेऊन ओसरीवर येऊ लागली. शामकांतचं इंग्रजी कचेरीतलं, जुन्या परिपत्रकांवर पोसलेलं. तंत्राचा शब्द आला की ते तो सोडून देत, पण 'एक्सेप्ट', 'अनलेस', 'ओन्ली' असलं काही दिसलं की पेन्सिल थबके. त्यांची पद्धत साधी होती. कागदाच्या कडेला चार रकाने आखायचे: कोण सांगतंय, काय हवंय, कुठवर, आणि काय सोडून. चारही भरेपर्यंत उत्तराचा विचार करायचा नाही.

सबिहाला तेच जमेना. हॉटेलात तिचं नावच झालं होतं ते झटपट उत्तरासाठी. दुसऱ्या ओळीलाच तिला उपाय सुचे आणि ती बोलून मोकळी होई.

"हे साहेब पहिल्या पत्रात लिहितात की नागपूरच्या शाखेला या वर्षी हात लावायचा नाही," शामकांत म्हणत. "मग तू तिथलं यंत्र का बदललंस?"

"कारण ते जुनं आहे, काका. बदलायलाच पाहिजे."

"तुला विचारलंय का त्यांनी?"

असं चार-पाच रविवार झालं. सहाव्या रविवारी ती चिडली. "तुम्हाला फक्त चुका दिसतात. माझं उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं!" कागद गोळा करून ती निघून गेली. पुढचे दोन रविवार आली नाही.

तिसऱ्या शनिवारी प्रेमलाबाईंचा फोन आला. "मी काही समजूत घालायला फोन केलेला नाही," त्या म्हणाल्या. "पण उद्या ये. त्यांना तुला एक सांगायचंय, आणि ते त्यांनी आजवर फक्त मला सांगितलंय."

सबिहा गेली. शामकांत पेन्सिल न घेता बसले होते.

"मी नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती," ते म्हणाले. "कुठल्या तालुक्यात ते सांगत नाही. माझा हात सगळ्यांत जलद. साहेब कौतुक करायचे. एका विधवा बाईच्या अर्जावरचा आदेश आला. पहिल्या दोन ओळींतली अट वाचून मी शेरा मारला, 'अपात्र'. खाली लिहिलं होतं की नवरा सेवेत असताना वारला असेल तर ही अट लागू नाही. ती बाई आठ महिने कचेरीच्या पायऱ्या चढत राहिली. चूक माझी होती हे मला कळलं तेव्हा मी तिच्या घरी गेलो. ती म्हणाली, बसा, पाणी घ्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं." ते सबिहाकडे वळले. "माझीसुद्धा घाई हुशारीतून आली होती, सबिहा. तुझी तशीच आहे. म्हणून मी तुझ्या मागे लागतो."

सबिहानं पिशवीतून कागद काढले आणि रकाने आखले.

पुढच्या पाच महिन्यांत तिचं वाचन सावकाश झालं आणि, तिलाच नवल वाटलं, काम लवकर संपू लागलं. एकदा नीट वाचलं की मागे फिरावं लागत नव्हतं. हॉटेलातही फरक पडला. तक्रार आली की ती आधी विचारू लागली, कधीपासून, कुठल्या खोलीत, आणि कुठे चालतंय?

दुसऱ्यांदा बंगळूरला जाताना इम्रान सोबत होता. परीक्षेच्या खोलीत तिला लिहायला कोरे कागद मिळाले. तिनं चार रेघा मारल्या. पहिले तीन तास तिनं एकही उत्तर पहिल्या झटक्यात दिलं नाही. एका पत्राला तर तिला ओळखीचा, आवडता उपाय दिसला, हात शिवशिवलाही. तरी चौथा रकाना भरायला ती परत वर गेली, आणि तिथे अट होती: या इमारतीत नवी केबल टाकता येणार नाही. आवडता उपाय बाद झाला.

दुपारनंतर मात्र तिची फजिती झाली. एक भाग काही केल्या चालेना. तासभर गेला. शेवटी तिनं कीबोर्डवरचे हात उचलले आणि कामाचा कागद पहिल्यापासून, पहिल्यांदाच बघत असल्यासारखा वाचला. तिनं केलेलं सगळंच काही त्यात मागितलेलं नव्हतं. सवयीनं तिनं एक जादा गोष्ट करून ठेवली होती आणि तीच बाकीच्यांच्या आड येत होती. तिनं ती काढून टाकली. वेळ संपायला अकरा मिनिटं होती.

निकाल तिसऱ्या दिवशी दुपारी आला. ती कामावर परतली होती आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजोबांना पासवर्ड सांगत होती. "झेड मोठा, बाकी लहान," असं म्हणता म्हणता तिनं मोबाईलवर आलेलं पत्र उघडलं आणि थांबली. आजोबा म्हणाले, "बरं हाय का, ताई?" ती म्हणाली, "लई बरं हाय, बाबा." आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

इम्राननं फोनवर नुसतं "या अल्लाह" म्हटलं आणि मागे हॉर्न ऐकू येत राहिले. शामकांतनी अभिनंदनाआधी सांगितलं, "पत्र वाच. सगळं." तिनं अगदी खालच्या बारीक ओळींपर्यंत वाचलं. प्रमाणपत्र तीन वर्षं चालेल, मग नूतनीकरण. मग प्रेमलाबाईंचा आवाज आला, "अगं, ते डोळे पुसतायत. तू संध्याकाळी जेवायलाच ये."

दोन महिन्यांनी पुण्याच्या एका कंपनीनं तिला घेतलं. आठवड्यातून दोन दिवस पुण्याला, बाकी काम राहात्यातूनच. कारखान्यांची, दवाखान्यांची नेटवर्कं ती आखते. पहिल्या महिन्यात तिला सारखी भीती वाटायची की कुणीतरी येईल आणि चूक झाली म्हणेल. ती अजून पूर्ण गेलेली नाही, पण कमी होते आहे.

गावात मात्र बाबाजाननी सांगून ठेवलंय की आमच्या पोरीनं बंगळूरची सगळ्यात मोठी परीक्षा काढली. त्यामुळे ती माहेरी आली की कुणी ना कुणी मोबाईल घेऊन हजर. परवा शेजारच्या लंकाबाई आल्या.

"बग बरं पोरी, ह्यो आठ दिस झालं वाजतच न्हाई. लेकीचा फोन येतो का न्हाई काय कळंना."

सबिहानं बघितलं. बाजूचं बटण दाबलं गेलं होतं, आवाज बंद होता. तिनं तो वर केला आणि स्वतःच्या फोनवरून रिंग दिली. लंकाबाईंच्या हातात मोबाईल खणखणला तशा त्या दचकून हसल्या.

"व्हय गं बाई! वाजला की!" आणि फोन कानाला लावून, समोरच उभ्या असलेल्या सबिहाला त्या मोठ्यानं म्हणाल्या, "हॅलो, कोन बोलतंय?"