मामांचं जुनं विलायती रिव्हॉल्व्हर

हत्यार बाळगणारा इतका निरुपद्रवी माणूस उभ्या सोलापूर जिल्ह्यात झाला नाही, आणि यापुढे होईल असंही मला वाटत नाही. आमचे मामा, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान (आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात), झुरळ दिसलं की पाटावर चढत. घरात कोंबडी कापायची असली की ते देवळात जाऊन बसत आणि रस्सा झाल्याचा निरोप आला की परतत. अशा माणसाच्या उशाशी सागवानी पेटीत, मखमलीवर, एक विलायती रिव्हॉल्व्हर निजलेलं असे. माढ्याकडे त्यांची जिराईत होती, शहरात धान्याची आडत होती, आणि दोन्हीकडे मिळून त्यांना एकही शत्रू नव्हता. परवान्याच्या अर्जात कारण काय लिहायचं, असं कारकुनाने विचारलं तेव्हा मामा पेचात पडले. शेवटी म्हणाले, "घरी कुटुंब असतं की. तिच्या रक्षणाला, असं लिवा." हे ऐकून आत्या इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली. एकदा घरात चोर शिरला होता तेव्हा तिनेच मुसळ घेऊन त्याला गल्लीच्या टोकापर्यंत पिटाळलं होतं. मामा त्या वेळी माळ्यावर होते.

कोऱ्या हत्याराचा त्यांना मनापासून तिटकारा. मुंबईच्या दुकानातलं नवं रिव्हॉल्व्हर कुणी फुकट दिलं असतं तरी त्यांनी परत पाठवलं असतं. हे त्यांनी गिरणीतल्या एका गोऱ्या विव्हिंग मास्तराकडून घेतलं; तो नोकरी संपवून मायदेशी निघाला होता. बैलबाजारात खोंड पारखावा तसं मामांनी ते पारखलं. तोंडात पाहिलं, पाठीवरून हात फिरवला, चाप ओढून कान लावून ऐकलं. घरी आल्यावर मला लाकडी मूठ दाखवून म्हणाले, "हितं बघ. त्याचा अंगठा ठिवून ठिवून लाकूड झिजलंय. माजा अंगठा बराबर तितंच बसतो. नव्यात मिळंल का हे?" अक्कलकोटला एका निवृत्त सुभेदाराकडे असंच जुनं, लांब नळीचं रिव्हॉल्व्हर आहे असं कळल्यावर ते मला घेऊन मुद्दाम तिकडे गेले. सुभेदार कानडीत बोलत होता, मामा मराठीत. एकमेकांचं निम्मंअर्धं दोघांना कळत असावं. पण दिवसभर ते एकमेकांची रिव्हॉल्व्हरं उघडत होते, मिटत होते, उजेडात धरून नळीतून पाहत होते आणि "आहाहा" करत होते. निघताना सुभेदाराने मामांना मिठी मारली. सख्ख्या भावांच्या भेटीतही इतकं प्रेम मी पाहिलेलं नाही.

दर रविवारी आम्ही गावाबाहेरच्या मुरमाच्या खाणीत जात असू. तिथे मामा एक मडकं मांडत, दूर उभे राहत आणि फार प्रेमाने नेम धरत. मडकं मात्र कधी फुटलं नाही. एकच मडकं आम्ही दोन उन्हाळे वापरलं. मी छेडलं तर म्हणत, "फुटलं तर दुसरं आणावं लागतंय. आन् आवाज तर त्योच की!" आवाज विरला की डोळे मिटून नळीचा वास घेत, आणि मग जुन्या धोतराच्या चिंध्या आणि शिवणयंत्राचं तेल घेऊन सफाईला बसत. तीच सफाई घरी आल्यावर पुन्हा होई. घरातल्या दुसऱ्या कुणाचा हात त्याला लागलेला त्यांना खपत नसे, आत्याचा तर नाहीच. खंडेनवमीला कोयते, कुऱ्हाडी, आडतीचा तराजू सगळ्यांना हळदकुंकू मिळे. रिव्हॉल्व्हरला मामा लांबून एक झेंडूचं फूल दाखवत आणि पेटी मिटत. आत्या दरवर्षी चिडे. "अवो, वर्साचा सण हाय. ह्यालाच कसलं एवढं सोवळं?"

एका वर्षी मामा तुरीच्या सौद्यापायी दुधनीला अडकले आणि खंडेनवमी आत्याच्या एकटीच्या ताब्यात आली. तिने वर्षानुवर्षांची कसर भरून काढली. देवाला जे, ते हत्याराला, अशा भक्तिभावाने तिने रिव्हॉल्व्हर ताम्हनात ठेवून त्याला दूध, दही, तूप, मध आणि साखरेचं साग्रसंगीत स्नान घातलं, वरून स्वच्छ पुसलं आणि पेटीत ठेवून दिलं. मामा दसऱ्याला उशिरा परतले, सोनं वाटलं आणि थकून झोपले. दुसऱ्याच दिवशी कचेरीतून बोलावणं आलं. शहरात तेव्हा सभा-मिरवणुकांचा जोर होता, आणि नव्या गोऱ्या साहेबाने परवान्याची सगळी हत्यारं तपासायला मागवली होती. सबळ कारण नसेल त्याचं हत्यार जमा होणार, अशी बोलवा होती. टांग्यात माझ्या शेजारी मामा पेटी मांडीवर घेऊन बसले होते. घाईत ती उघडून पाहायलाही त्यांना सवड मिळाली नव्हती.

साहेबाने पेटी उघडली. मुठीपासून नळीपर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. साहेबाने रिव्हॉल्व्हर उघडायचा प्रयत्न केला, ते उघडेना. चाप हलेना. त्याने आपली चिकट बोटं हुंगली आणि शिरस्तेदाराकडे पाहिलं. तुपामधाचा तो वास माझ्यापर्यंत आला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मामांच्याही पडला असणार, कारण त्यांचा चेहरा पांढराफटक झाला. बायकोचं नाव सांगून ते मोकळे होऊ शकले असते. पण दर रविवारी दोनदा सफाई करणारा तो माणूस सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "म्या केलं, साहेब. सणाचं पंचामृत घातलं. चूक माजी." त्या वेळी मला त्यांचा फार अभिमान वाटला. शिरस्तेदाराने इंग्रजीत सांगितलं. साहेब टेबलावर हात आपटून हसला. जो हत्याराला मध चाटवतो त्याच्यापासून सरकारला काही भय नाही, असं म्हणून त्याने परवान्यावर सही ठोकली. त्या दिवशी भल्याभल्या शिकाऱ्यांच्या बंदुका जमा झाल्या.

घरी आत्या दारातच उभी होती. पेटीच्या जागी मागे राहिलेल्या मुंग्या तिनेही पाहिल्या होत्या. "लई बिघडलं का वो?" तिने रडवेल्या आवाजात विचारलं. मामा म्हणाले, "बिगडतंय कशाचं? तुज्या पंचामृतानंच वाचलं की त्ये." आणि मग दिवे लागेपर्यंत घासलेटचं भांडं घेऊन ते तोंडातल्या तोंडात पुटपुटत सफाई करत बसले. पुढल्या खंडेनवमीपासून आत्याला मुठीवर हळदीचं एक बोट लावायची परवानगी मिळाली.

आत्या पुढे तापाच्या दुखण्यात गेली. त्यानंतरच्या खंडेनवमीला मी मामांकडे गेलो तर ते ताम्हन पुढे घेऊन एकटेच बसले होते. पंचामृत त्यांनी स्वतःच कालवलं होतं. दही जास्त झालं होतं. ते वाटीवाटीने रिव्हॉल्व्हरवर ओतत होते. मी म्हणालो, "मामा, गंजेल की." ते मान वर न करता म्हणाले, "तिनं घातलं तवा कुटं गंजलं?"

दसरा झाल्यावर त्यांनी टांगा बोलावला आणि मला बरोबर घेऊन कचेरी गाठली. "अर्जात जे कारण लिवलं हुतं त्ये आता न्हाय," एवढंच कारकुनाला सांगून त्यांनी पेटी पुढे केली. कारकुनाने झाकण उघडलं आणि चटकन हात मागे घेतला.

"आवो, मुंग्या हायत की ह्यात! जमा करायच्या आधी झाडून तरी आनायचं."

मामांनी झाकण हलकेच मिटलं.

"असू द्यात," ते म्हणाले. "घरच्या हायत."