टिचकीमावशीचा कान

कारखान्यात तिला सगळे टिचकीमावशी म्हणत. कार्बन फायबरचा कृत्रिम पाय साच्यातून निघाला, की मावशी टाचेपासून चवड्यापर्यंत त्याला टिचक्या मारत जायची. खणखणीत वाजला तर पास. बद्द वाजला, तर धागे चिकटवणारं रेझिन आत पोचलेलं नाही, हवा राहिलीय.

आज टाच बद्द वाजली. वर मात्र आरशासारखी चकाकी.

"साहेब, हवा शोषून घ्यायला साच्यावर जी पिशवी चढवतो, तिच्यातूनच हवा शिरतेय. पिशवी कधी बदलली?"

"मागच्या सोमवारी. काय हो मावशी, चेहरा का उतरला?"

म्हणजे मागच्या आठवड्यातले पायही याच पिशवीखाली झालेले. मागच्या आठवड्यात सर्दीनं तिच्या कानाला दडे बसले होते. सांगितलं असतं तर सगळे म्हणाले असते, मावशी म्हातारी झाली. म्हणून तिनं टिचक्या मारल्या, पण चकाकी बघूनच पाच पाय पास केले होते.

"ते पाच पाय परत मागवा. मी वाजवले, पण मला ऐकूच येत नव्हतं."

साहेब ताडकन उठले. "अहो, माणसं चालतायत त्यांच्यावर!"

"म्हणूनच म्हणते. आधी फोन लावा, मग मला काय ते बोला."

चौघं लगेच मिळाले. पाय काढून ठेवतो म्हणाले. पाचव्याच्या बायकोनं फोन उचलला.

"हे होय? आत्ताच जिना उतरायला लागलेत. नव्या पायाची एवढी ऐट, काठीसुद्धा घेतली नाही!"

मावशीनं फोन हिसकावलाच. "बाई, काठी घ्या आणि धावा त्यांच्यामागं!"

फोन तसाच चालू राहिला. मावशी कान लावून उभी राहिली. बाईंची पावलं जिन्याकडे गेली, आणि मग काहीच ऐकू येईना; पलीकडेच आवाज नव्हता, की तिच्या कानाला पुन्हा दडे बसले होते, हे तिला कळेना.