नाबोरने दिलेला हात

"पडलेल्या माणसाने उठायची घाई करू नये," असं नाबोर किन्योनेस नेहमी म्हणायचा. कामावर नवा आलेल्याला तो एवढंच शिकवायचा. गोळी लागून पडलात की पडून राहा, नाकावर माशी बसली तरी. साहेब ओरडेपर्यंत तुम्ही मेलेलेच.

आमचं गाव दुरांगोच्या माळावरचं. पाऊस सरून गवत पिवळं पडलं की उत्तरेकडून सिनेमावाले यायचे. ओढ्यापलीकडे त्यांनी लाकडाचा एक रस्ताच उभा केला होता. बँक, तुरुंग, गुत्ता, घंटा नसलेलं चर्च आणि फाशीचा खांब. कुठलंही दार उघडलं की मागे नुसता माळ. गोष्ट बहुतेक एकच असायची. कुणीतरी कुणाच्या भावाला मारायचं, आणि दुसरा भाऊ घोड्यावरून सूड घ्यायला यायचा. आम्ही दरोडेखोर, म्हणजे मरणारे. पण सांगतो, आमच्यासारखं सुरेख मरणारी माणसं त्या मुलखात दुसरी नव्हती, आणि आमच्यात नाबोरसारखा कुणी नव्हता. निवडुंगाचं पिकलेलं बोंड गळावं तसा तो धावत्या घोड्यावरून गळायचा.

या कामात एक रिवाज होता, आणि तो आम्हीच घातलेला. पहिल्या वर्षी खोट्या गोळीवरून दोन चुलतभावांमध्ये खरे सुरे निघाले. "मला मारताना हसलास का?" एवढंच कारण. तेव्हा म्हाताऱ्यांनी ठरवलं की ज्याने मारलं त्यानेच हात देऊन उठवायचं आणि पाठीवरची धूळ झटकायची. दुसऱ्याने मध्ये पडायचं नाही. आणि चारचौघांत एकदा हात दिला की दोघांमधलं भांडण मिटलं, आजचं असो की जुनं.

नाबोरचा धाकटा भाऊ सेल्सो. गुरांच्या पाणवठ्यावरून माकेदोनियो रेंतेरियाने त्याला मारलं होतं. खरंखुरं. माकेदोनियो तुरुंगात गेला आणि केस पिकवून परत आला. गाव नाबोरकडे बघू लागलं. आमच्याकडे भावाचं रक्त भावाच्याच अंगावर असतं, ते दुसरं कुणी फेडत नाही.

नाबोरची आई, डोन्या त्रान्सितो, मक्याच्या भाकऱ्या थापता थापता म्हणायची, "बाजारात दिसला तो. चांगला जाड झालाय. तुरुंगात जेवण बरं मिळत असेल." नाबोर मिरची चावत जेवत राहायचा.

मी एकदा विचारलं, "मर्दा, करणार आहेस काय तू?"

"बघू."

"बघू म्हणजे?"

"राग शोधतोय. घरातच होता कुठेतरी."

माकेदोनियोला गावात कुणी काम देईना, तेव्हा तो सिनेमावाल्यांकडे आला. त्यांच्या साहेबाला त्याचा चेहरा आवडला. हाच टोळीचा म्होरक्या, असं त्याने ठरवून टाकलं. म्होरक्याला रस्त्यात गोळी घालायला साहेबाने नाबोरला निवडलं. साहेबाला काय ठाऊक! दुभाष्या चेमा ठाऊक असूनही गप्प राहिला.

त्या सकाळी सोंगं घेऊन सगळं गाव रस्त्यावर होतं. चर्चच्या पायरीवर रडणाऱ्या बायकांत, काळी शाल घेऊन, डोन्या त्रान्सितोही उभी होती. बंदुका भरायचं काम माझं. नाबोरच्या पिस्तुलात मी नुसता बार भरला. त्याने खरी गोळी मागितली असती तर मी दिली असती. त्याने हात पुढे करून पिस्तूल घेतलं, बस्स.

बार उडाला. माकेदोनियोला पडता येत नव्हतं. वाळूचा मऊ खड्डा सोडून तो दगडी जमिनीवर उताणा आदळला, पोतं पडावं तसा. साहेब ओरडला. आता उठवायचं. नाबोर जागचा हलला नाही.

"अरे उठवा त्याला, ऊन चाललंय!" साहेबाचं बोलणं चेमाने सांगितलं, आणि कुणी हलत नाही म्हणून साहेब स्वतःच निघाला. एका म्हाताऱ्याने त्याची बाही धरली. "ते मढं तुझं नाही, बाबा. ज्याचं त्याला उचलू दे."

खालून माकेदोनियो बोलला, "राहू दे, नाबोर. मी पडून राहतो."

नाबोर दोन पावलं पुढे आला. मग म्हणाला, "कण्यावर पडलास. खांदा आधी टाकायचा असतो."

"मला कुणी शिकवलं नाही."

"डोकं वर धरायचं. गुडघे सैल," असं म्हणत नाबोर वाकला, हात दिला, त्याला उभं केलं आणि पाठीवरची धूळ झटकली. नव्या माणसाची झटकावी तशीच.

डोन्या त्रान्सितोने शाल काढली, घडी केली, कपडेवालीच्या हातात दिली आणि ओढा उतरून घरी गेली. साहेबाचं समाधान होईना. दिवस कलेपर्यंत नाबोर माकेदोनियोला मारत राहिला आणि उठवत राहिला. शेवटी शेवटी माकेदोनियो बरा पडू लागला होता.

सामान आवरताना मी विचारलं, "हात का दिलास रे?"

"तो पडला होता."

"एवढंच?"

"मारताना काही वाटलं नाही. उठवतानाही नाही. मग उठवलेलं बरं. काम तरी पुढे सरकतं."

घरी गेल्यावर आई म्हणाली, "उजवा हात तिकडे देऊन आलास. आता बाकीचं अंगही घेऊन जा." त्याने घोंगडी काढली.

तो सिनेमा पुढे दुरांगो शहरात लागला. म्होरक्या पडतो आणि लगेच दुसरंच काही सुरू होतं. हात कुठेच नाही.

हात दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर खांद्यावर घोंगडी टाकून नाबोर लाकडी रस्त्याने हमरस्त्याकडे निघाला. बँकेसमोर आमची माणसं दरोड्यासाठी घोड्यांवर खोगीर चढवत होती. त्यांनी माना खाली घातल्या. डोन्या त्रान्सितो घरी दाराकडे पाठ करून मका दळत बसली होती. ती वळली नाही. खोट्या तुरुंगाच्या पायरीवर माकेदोनियो, म्होरक्याच्या कपड्यांत, हॅट हातात धरून उभा होता. नाबोर वळणाआड जाईपर्यंत तो एकटाच त्याच्याकडे बघत राहिला.