शालूताई मॅट धुवायची तेव्हा

ताईच्या शेजारणीचा फोन आला तेव्हा मी चहा घेत होतो. "भैया, दीदी उठ नहीं रहीं," एवढंच ती म्हणाली. मी स्कूटर काढून तसाच गेलो. शालूताई, माझी थोरली बहीण, झोपेतच गेली होती. पुढचं काही मला सलग आठवत नाही. अंगणातल्या भिंतीवर तिच्या गाडीच्या चारही मॅट वाळत घातल्या होत्या, ते मात्र आठवतं. हात लावून पाहिलं तर खालून ओल्या. म्हणजे आदल्या संध्याकाळी तिनं त्या धुतल्या होत्या. गाडी तर आठ दिवस जागची हललीही नव्हती...

ताई नर्स होती. नोकरीची बहुतेक वर्षं जिल्ह्याच्या टोकाला, बिरसाकडच्या गावांत गेली. नवरा लवकर वारला, मूलबाळ नाही. निवृत्त होऊन बालाघाटला आल्यावर तिनं जुनी गाडी घेतली आणि साठीच्या उंबरठ्यावर ती चालवायला शिकली. गाडी बाहेरून कशीही असो, पायाखालची मॅट तिला स्वच्छ लागायची. रिठे आदल्या दिवशी भिजत घालायची, सकाळी ते पाणी उकळायची. मॅटवर खायचा सोडा भुरभुरवून अर्धा तास ठेवायची, मग रिठ्याच्या फेसानं आणि लिंबाच्या सालींनी घासायची. शेवटचं पाणी कडुनिंबाच्या पाल्याचं. वाळवायची सावलीत, नाहीतर रबर वाकडं होतं म्हणे. मी एकदा गोंदियाहून गाडी धुवायच्या शाम्पूची बाटली आणून दिली, तर तिनं ती न्हाणीघराच्या फरशीला वापरून संपवली. "शाम्पूचा वास वर बसते, दिनू. घाण खालीच राह्यते," म्हणाली.

पूर्वी हे महिन्यातून एकदा चालायचं. यंदा थंडी सरता सरता ते दिवसाआड होऊ लागलं. तिच्या बोटांची कातडी सोलवटली. माझी बायको म्हणाली, ताईंना डॉक्टरांकडे न्या. मला वाटलं, एकटी आहे, हात रिकामे राहत नसतील. शेवटची भेट झाली तेव्हाही ती नळाखाली बसली होती. ओली मॅट माझ्या नाकापुढे धरून तिनं विचारलं, "पाह्य बरं, वास येऊन राह्यला का?"

मला लिंबाचा वास आला, कडुनिंबाचा आला. मी म्हणालो, नाही ताई, काही नाही.

"तुले येतच नाही," म्हणाली आणि पुन्हा घासायला लागली. मला कुठेतरी जायचं होतं. कसला वास, हे मी विचारलंच नाही.

ती गेल्यावर दहाएक दिवसांनी बिरसाकडचा एक माणूस बसनं आला. तिथल्या नर्सकडून त्याला कळलं होतं. ताईच्या फोटोपुढे त्यानं हात जोडले. मग त्याच्या हिंदीत त्यानं सांगितलं ते असं. थंडीत ताई तिकडे एका लग्नाला गेली होती. परतताना रस्त्यात तो आणि त्याची अडलेली बायको गाडीची वाट पाहत उभे होते. ताईनं दोघांना बसवून बालाघाटच्या दवाखान्यात आणलं. वाटभर ती त्या बाईशी बोलत होती, आठ दिवसांत घरी जाशील म्हणत होती. मूल वाचलं, आज आजीजवळ आहे. बाई दोन दिवसांनी गेली.

ताईनं यातला एक शब्द आम्हाला सांगितला नव्हता. मी त्याला चाचरत विचारलं, गाडीत रक्त फार सांडलं असेल? त्यानं नकारार्थी मान हलवली. अंगावरची शाल त्यानं बायकोखाली घातली होती. मॅटवर थेंबही पडला नव्हता.

मग ताई काय धूत होती? आपण त्या बाईशी खोटं बोललो असं तिला वाटत होतं का? की मीच आता त्या धुण्याला अर्थ चिकटवतोय, आणि ती फक्त मॅट धूत होती, नेहमीसारखी? रोज वेगळं काहीतरी वाटतं. आणि विचारायचं होतं तेव्हा मी घड्याळ पाहत होतो...

त्याला ताईच्याच गाडीतून बसस्टँडवर सोडलं. गाडीच्या दारापाशी त्यानं चपला काढून हातात घेतल्या. मी म्हणालो, "रहने दो भाई, मैट धुल जाती है."

"नर्स बाई भी उस दिन यही बोली थीं," तो म्हणाला आणि अनवाणीच बसला.

त्याच्या धुळीच्या पावलांचे दोन ठसे पुढच्या मॅटवर उमटले, ते अजून आहेत. परवा ताईच्या डब्यातले रिठे काढून मी भिजत घातले. दोन दिवस झाले. ते पाणी उकळायला ठेवावं की ओतून द्यावं, मला ठरवता येत नाही.