पत्नी गावी असते

लालबागच्या त्या चाळीत हितेंद्रसारखा समाजसेवक दुसरा नाही. हे त्याचं स्वतःचं मत, आणि मंडळाचा सेक्रेटरी तोच असल्यामुळे फलकावरही तेच लिहिलेलं असतं. दर एक मेला मंडळाचं रक्तदान शिबिर भरतं. हितेंद्रने ओळीने बारा वर्षं रक्त दिलं आणि बारा प्रमाणपत्रं फ्रेम करून भिंतीवर टांगली. दहा बाय बाराच्या खोलीत त्यासाठी देवांना जरा सरकून घ्यावं लागलं. देवांनी तक्रार केली नाही. त्याच्या बायकोने, अक्षदानेही केली नाही. त्या घरात तक्रारीची सोय एकट्या हितेंद्रसाठी होती.

अक्षदाचं माहेरही याच शहरातलं, ठाकूरद्वारचं. आईवडील गेले, भावाचा फोन दिवाळीला येतो. चिंचपोकळीला कौसल्याताईंच्या पोळी-भाजी केंद्रात ती रोज अडीचशे पोळ्या लाटते. नवरा तिला मारतो हे अख्ख्या मजल्याला ठाऊक होतं. आवाज आला की शेजारी टीव्ही मोठा करत. शेजारधर्म म्हणतात तो हाच.

गेली चार वर्षं मात्र हितेंद्रने रक्त देणं सोडलं होतं. माइक हातात घेऊन तो दुसऱ्यांना द्यायला लावी. विचारलं तर म्हणे, शुगर आहे. हा शुगरवाला माणूस अर्धा किलो श्रीखंड एका बैठकीत संपवायचा. अक्षदाने मान डोलावली, कारण न डोलावलेल्या मानेचं काय होतं हे तिला माहीत होतं.

यंदा पाडव्याच्या साफसफाईत तिने बारावी फ्रेम उतरवली, तर मागून एक कार्ड पडलं. सरकारी इस्पितळाचं, चार वर्षांपूर्वी काढलेलं. वर हितेंद्रचं नाव. आत एचआयव्हीच्या गोळ्यांच्या नोंदी, मध्ये मध्ये महिनाभराच्या रिकाम्या जागा. साहेबांची दारू सुरू झाली की गोळ्यांना सुट्टी. आणि खाली एक ओळ: पत्नी गावी असते, तपासणी बाकी.

ती ओळ तिने तीनदा वाचली. चार वर्षं ती गावी होती आणि तिला कुणी सांगितलंच नव्हतं. गावी राहून ती लालबागला भाकऱ्या थापत होती, त्याच्या सदऱ्यांना इस्त्री करत होती, आणि नको म्हटलं तरी त्याच्या शेजारी झोपत होती. जन्मात पहिल्यांदा तिला स्वतःच्याच रक्ताची भीती वाटली.

कार्डाबद्दल तिने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. निरोध वापरा, एवढंच एकदा म्हणाली. उत्तरादाखल तिच्या उजव्या हाताची दोन बोटं प्लास्टरमध्ये गेली. माझ्यावर संशय घेतेस, म्हणून तो ओरडला; ज्याच्यावर घ्यावा त्यालाच संशयाचा राग फार. इस्पितळात तिने मोरीत घसरले म्हणून सांगितलं. त्या मोरीत ती आजवर नऊ वेळा घसरली होती. सासूबाईंनी, गंगुबाईंनी, हळदीचं दूध दिलं, अगदी मायेने दिलं, आणि तितक्याच मायेने विचारलं, "घोवाक नाय म्हणतत काय गो?"

तपासणीला जावं असं तिच्या रोज मनात येई. पण काही निघालं, तर तूच आणलंस म्हणायला तो मोकळा, आणि चाळही त्याचंच ऐकणार. चोर तो चोर वर शिरजोर, हे काही तिला नव्याने शिकायचं नव्हतं. म्हणून ती गेली नाही.

पण एक मेला हितेंद्रच तिच्या मदतीला धावला. यंदा महिलांचा सहभाग दाखवायचा होता. त्याने तिला न विचारता माइकवर जाहीर केलं की पहिली रक्तदाती माझी पत्नी. फोटोवाला सरसावला. आपण बायकोला गावी पाठवलंय, हे तो बिचारा साफ विसरला होता.

पडद्याआड एक तरुण डॉक्टरीण फॉर्म घेऊन बसली होती. वजन झालं, जेवण झालं का झालं. मग तिने विचारलं, जोडीदाराला एचआयव्ही वगैरे आजार आहे का. बाहेर हितेंद्र रक्तदान हेच जीवनदान म्हणून घसा फोडत होता. घरात न चालणारा 'नाही' हा शब्द इथे फुकट मिळत होता. नुसता उच्चारायचा, बाहेर जाऊन फोटो काढायचा, की आजची संध्याकाळ निभावली. पण ते रक्त कुणाच्या तरी लेकराला चढेल, हे तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

"आहे," अक्षदा म्हणाली. "आणि मला त्यांना नको म्हणता येत नाही."

डॉक्टरीणबाईंची नजर तिच्या वाकड्या बोटांवर गेली. त्यांनी पेन ठेवलं, परळच्या तपासणी केंद्राची चिठ्ठी तिच्या मुठीत सरकवली आणि बाहेर येऊन हिमोग्लोबिन कमी आहे म्हणून सांगितलं. बायकांचं हिमोग्लोबिन कमी असतं यावर या राज्यात कुणी शंका घेत नाही. वहिनींना जरा बीट खायला घाल रे, म्हणून पोरं हसली. हितेंद्रनेही हसून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती कामावर जाते म्हणून निघाली आणि परळला उतरली. केंद्राच्या भिंतीवर उपदेश होता: एकाच जोडीदाराशी एकनिष्ठ राहा. राहिले की, अक्षदाच्या मनात आलं, घोटाळा तिथेच झाला. रिपोर्ट चांगला आला. तिथली समुपदेशक प्रिती हे सांगत असतानाच अक्षदाला रडू फुटलं. प्रितीने रडू दिलं, मग पुढचं सांगितलं. ताजी लागण असेल तर आज दिसत नाही, तीन महिन्यांनी पुन्हा यायचं. नवऱ्याने गोळ्या चुकवल्या नसत्या तर तिला धोका जवळजवळ नव्हताच. आता निरोधाशिवाय जवळ जायचं नाही.

"ऐकतील ते?" प्रितीने विचारलं.

अक्षदाने दोन बोटं वर केली. प्रितीला पुढे काही विचारावं लागलं नाही.

तिथूनच तिने कौसल्याताईंना फोन लावला. पोळी-भाजी केंद्राच्या माळ्यावर जागा आहे, ताई म्हणाल्या. उंदीर आहेत, पण ते हात उगारत नाहीत.

दुपारी घरी परतायची वेळ टळून गेली तरी ती पोळ्या लाटतच होती, तेव्हा हितेंद्रचा फोन आला. घरात स्वयंपाक नाही, आई उपाशी आहे, कुठे उलथलीस, असं बरंच काही तो बोलला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"गावी आहे मी," ती म्हणाली. "चार वर्षं झाली. तुम्हीच लिहून दिलंत ना?"

अक्षदाने फोन पिठाच्या डब्यावर ठेवला आणि पुढची पोळी लाटायला घेतली.