समुद्री शेवाळ आणि आमचं शेततळं

आमच्या जिल्ह्यात समुद्र नाही, आणि तो नसल्याची आजवर कुणाला अडचणही वाटली नव्हती. तरी समुद्री शेवाळाचं प्रशिक्षण ठरलं, तेही मे महिन्यात, राळेगावजवळच्या आमच्या शेततळ्याच्या काठावर. तळ्यात रोहू-कटला होते आणि मी पडलो ‘प्रगतिशील’ शेतकरी. हा शब्द ऐकला की मी फार चटकन फुगतो.

उन्हामुळे सभा सकाळी सातलाच ठेवली. तळ्यात पाणी जेमतेम कंबरेएवढं उरलं होतं. आम्ही रोज पहाटेपासून मोटार लावून तेच पाणी वरून फवाऱ्यासारखं सोडायचो. त्यानं पाण्यात हवा मिसळते आणि मासे तगतात. त्या दिवशी प्रशिक्षणाचे साहेब म्हणाले, "फार आवाज होतो हो." मी लगेच मोटार बंद केली.

साहेब छान बोलले. हवामान बदलतंय, समुद्र तापतोय, थंड पाण्यातलं शेवाळ जागच्या जागी मरतंय. शिवाय हेच शेवाळ कार्बन शोषतं, आणि खाद्यात मिसळलं तर मासे काटक होतात. समोरच्या मंडळींनी समुद्र टीव्हीतच पाहिलेला; सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी बायको तेवढी उठली.

"शेवाळच गरमीनं मरून राह्यलं म्हनता, मंग ते खाऊन आमच्या मासोळ्या कशा वाचतीन?"

"छान प्रश्न," साहेब म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला.

मग फोटो. साहेबांनी शेवाळाच्या खाद्याची मूठ तळ्यात फेकली. मासे आधीच वर आले होते, तोंडं वासून. "बघा, कसे तुटून पडले!" टाळ्या झाल्या. दाणे तसेच तरंगत राहिले. मासे हवेसाठी तडफडतायत हे मला कळत होतं. बायको मागून कोपर मारत होती. "मोटार लावा ना! त्याईले सांगत काहून नाही?" मी हातानंच तिला थांब म्हटलं. माझा शाल देऊन सत्कार व्हायचा होता.

साहेबांची गाडी वळली तसा मी मोटारीकडे धावलो. दुपारपर्यंत पांढरी पोटं काठाला लागली. तिनं हातानं चारून वाढवलेले मासे तिनंच टोपल्यांनी बाहेर काढले. मला शरम वाटली, अजून वाटते.

पुढे तो फोटो फ्रेम करून घरी आला. त्यात प्रत्येक माशाचं तोंड उघडं आहे. बंद आहे ते फक्त माझं.